वेगाची कसोटी आणि कसोटीतील न्याय

अमुक भाषेत लिहिलेला प्रोग्राम तमुक भाषेतील प्रोग्रामपेक्षा तिपटीने जलद चालतो, अमुक कंपायलर वापरला असता कामाचा वेळ निम्म्यावर येतो, अशी विधाने आज संगणकशास्त्राच्या वर्गात, नियतकालिकांत आणि यंत्रखरेदीच्या कागदपत्रांत वारंवार आढळतात. विधानाबरोबर एक आकडा असतो, आणि आकडा पुढे आला की वाद खुंटतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आकडा हा केवळ साक्षीदार होय. उलटतपासणी झाल्यावाचून त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. ही उलटतपासणी कशी करावयाची, विशेषतः कंपायलरांच्या कौशल्याची तुलना करताना न्याय्य वागणूक कशास म्हणावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय तांत्रिक दिसला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. दोन उमेदवारांना दिलेली वागणूक समान होती असे केव्हा म्हणता येईल, हाच तो प्रश्न.

प्रथम कंपायलर म्हणजे काय ते पाहू. मनुष्याला सोयीच्या अशा सी, फोरट्रान किंवा रस्ट यांसारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. यंत्राला कळतात त्या फक्त त्याच्या स्वतःच्या संचातील बारीकसारीक आज्ञा: ही संख्या येथून उचल, तीत ती मिळव, उत्तर तेथे ठेव. सोयीच्या भाषेतून यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. भाषांतराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सांगावयास नको की, एकाच मजकुराची अनेक बिनचूक भाषांतरे होऊ शकतात. त्यांपैकी काही पाल्हाळिक असतात, काही आटोपशीर. कंपायलरचेही तसेच आहे. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर बरोबर असते, पण संथ चालते. मूळ अर्थाला धक्का न लावता अधिक आटोपशीर आणि त्या यंत्राच्या प्रकृतीला मानवेल असे भाषांतर करणे, याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. त्यासाठी कंपायलर मूळ मजकुरात जे फेरफार करतो, त्यांना आपण येथे सुधारणा म्हणू.

या प्रयत्नाचा इतिहास कंपायलरइतकाच जुना आहे. १९५४ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली फोरट्रानच्या कामास आरंभ झाला, आणि १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी पहिला फोरट्रान कंपायलर ग्राहकांच्या हाती पडला. त्या काळचे निष्णात प्रोग्रामर यंत्राच्या आज्ञा स्वहस्ते लिहीत. यंत्राने केलेले भाषांतर आपल्या हाताच्या तोडीचे होईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता; आणि यंत्राचा वेळ तर अतिशय महाग. भाषांतरित प्रोग्राम हाताने लिहिलेल्या प्रोग्रामच्या निम्म्याच वेगाने चालला, तर फोरट्रान कोणी स्वीकारणार नाही, ही धास्ती बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पहिल्यापासून होती. म्हणूनच ऑप्टिमायझेशन ही त्या कंपायलरच्या अस्तित्वाचीच अट होऊन बसली. आणि त्याच दिवशी तुलनेचा प्रश्नही जन्मास आला. कंपायलर जलद आज्ञा देतो खरा, पण कशाच्या तुलनेत?

तुलना अवघड का होते हे कळण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. १ पासून १०० कोटींपर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला आहे. त्यात एक फेरा आहे आणि दर खेपेस पुढची संख्या आधीच्या बेरजेत मिळवली जाते. शब्दशः भाषांतर केले, तर यंत्र १०० कोटी बेरजा करील. परंतु भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील श्रेढीव्यवहार ज्याने अभ्यासला आहे, तो विद्यार्थी हा खटाटोप करणार नाही. शेवटच्या संख्येला तिच्याहून एकाने मोठ्या संख्येने गुणून तो गुणाकाराचे अर्ध घेईल आणि मोकळा होईल. क्लँग नावाचा आज सर्वत्र प्रचलित असलेला कंपायलर, ऑप्टिमायझेशन चालू ठेवले असता, नेमके हेच करतो. तो फेऱ्याचे स्वरूप ओळखतो, फेरा काढून टाकतो आणि त्याच्या जागी सूत्र ठेवतो. आता या प्रोग्रामचा वेळ मोजून कोणी म्हणाला की, हा कंपायलर बेरजा कोट्यवधी पटींनी जलद करतो, तर त्यास काय उत्तर द्यावे? बेरजा जलद झालेल्या नाहीत. त्या झालेल्याच नाहीत.

याच्याही पुढची पायरी आहे. त्या बेरजेचे उत्तर प्रोग्राममध्ये पुढे कोठेच छापले किंवा वापरले नसेल, तर कंपायलर सूत्रसुद्धा ठेवीत नाही. सगळा भागच गाळून टाकतो. यात त्याची लबाडी नाही. प्रोग्रामचा बाहेरून दिसणारा परिणाम बदलता कामा नये, एवढेच बंधन कंपायलरवर असते. आणि लागणारा वेळ हा त्या परिणामाचा भाग धरला जात नाही. ज्या कामाचे फळ कोणी मागत नाही ते काम न करणे, हा ऑप्टिमायझेशनचा गुणच आहे.

येथेच मूळ पेच आहे. कसोटीसाठी लिहिलेला प्रोग्राम, ज्याला बेंचमार्क म्हणतात, तो मुळात कोणाच्या उपयोगासाठी लिहिलेला नसतो. त्याचे उत्तर कोणाला नको असते. हवा असतो तो फक्त लागलेला वेळ. म्हणजे निरुपयोगी काम ओळखून ते टाळण्यात जो वाकबगार आहे, त्याच्यापुढे आपण निरुपयोगी काम ठेवतो आणि ते करावयास किती वेळ लागला असे विचारतो. कंपायलर जितका हुशार, तितका तो या प्रश्नाला बगल देणार. तेव्हा कसोटी रचणाऱ्याचे पहिले कर्तव्य हे की, कामाचे उत्तर खरोखर मागितले जाईल आणि कामाची सामग्री भाषांतराच्या वेळी कंपायलरला ठाऊक नसेल, अशी व्यवस्था करणे. संख्या बाहेरून वाचून घ्याव्यात, उत्तर छापावे, आणि छापलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासावे. चुकीचे उत्तर कितीही लवकर मिळाले तरी त्याला वेगाचे गुण देता येत नाहीत.

कसोट्यांच्या इतिहासात या पेचाचे दर्शन वारंवार घडते. इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे ब्रायन विचमन यांनी कर्नो यांच्यासह १९७६ साली ‘व्हेटस्टोन’ या कसोटीविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. शास्त्रीय गणिताच्या प्रोग्रामांत कोणत्या क्रिया किती प्रमाणात येतात याची पाहणी करून, तेच प्रमाण राखणारा एक कृत्रिम प्रोग्राम त्यांनी रचला होता. पुढे १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी पूर्णांक, अक्षरमालिका इत्यादींवर भर देणारी दुसरी कसोटी तयार केली. ‘व्हेट’चा उच्चार इंग्रजीतील ‘ओले’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो, म्हणून त्यावर कोटी करून तिला ‘ड्रायस्टोन’, म्हणजे कोरडी, असे नाव मिळाले. ही कसोटी आटोपशीर होती, कोणत्याही यंत्रावर चालविता येई, आणि तिचा निकाल एकाच आकड्यात मिळे. साहजिकच ती अतिशय लोकप्रिय झाली.

परंतु तिच्यातील बऱ्याचशा कामाचे फळ पुढे कोठे वापरलेच जात नव्हते. ऑप्टिमायझेशन करणारे कंपायलर ते काम गाळू लागले, आणि यंत्र होते तेवढेच राहून आकडा वाढू लागला. शिवाय तिच्यातील अक्षरमालिका ३० अक्षरांच्या ठरीव लांबीच्या होत्या. लांबी आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांची नक्कल करण्याचा सोपा मार्ग कंपायलरला सापडे. नेहमीच्या प्रोग्रामांत, जेथे मजकुराची लांबी आधी कळत नाही, तेथे हा मार्ग चालत नाही. वायकर यांनी १९८८ मध्ये दुसरी आवृत्ती काढून काम गाळले जाणार नाही अशी तजवीज केली. प्रोग्रामचे दोन भाग वेगवेगळे भाषांतरित करावेत आणि एका भागातील कार्य दुसऱ्यात विरघळवू नये, असे नियमही घातले. हे नियम मोडले आहेत की पाळले आहेत हे केवळ आकड्यावरून कोणालाच कळत नसे, हा या कसोटीचा दुबळेपणा शेवटपर्यंत राहिला.

कृत्रिम प्रोग्रामांचा हा अनुभव पाहून १९८८ साली काही यंत्रनिर्मात्यांनी एकत्र येऊन ‘स्पेक’ नावाची संस्था स्थापन केली. खऱ्या उपयोगातील प्रोग्राम घ्यावेत, त्यांचा एक संच करावा, आणि मापनाचे नियम सर्वांना बंधनकारक करावेत, ही तिची भूमिका. १९८९ च्या पहिल्या संचात दहा प्रोग्राम होते. त्यांतील ‘मॅट्रिक्स ३००’ हा प्रोग्राम ३०० ओळी आणि ३०० स्तंभ असलेल्या संख्या-सारण्यांचे गुणाकार करी, आणि त्याचा जवळजवळ सर्व वेळ एकाच ओळीत खर्च होई. त्या ओळीवर कंपायलरांनी लक्ष केंद्रित केले. मोठ्या सारणीचे लहान चौकोनी तुकडे पाडून, यंत्राच्या जवळच्या जलद स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, एक तुकडा आला की त्याचे होईल तेवढे काम उरकून घ्यावयाचे, अशी ही सुधारणा होती. तिच्यामुळे या एका प्रोग्रामवरील गुण कित्येक पटींनी वाढले आणि त्याबरोबर संपूर्ण संचाची सरासरीही वर गेली. १९९२ च्या संचातून हा प्रोग्राम वगळण्यात आला.

या प्रसंगाचा निवाडा करताना घाई करू नये. तुकडे पाडून गुणाकार करण्याची युक्ती अस्सल आहे. आजही शास्त्रीय गणितात तिच्यावाचून चालत नाही. ज्याचे काम सारण्यांच्या गुणाकारांचेच आहे, त्याला तिचा पुरेपूर लाभ मिळतो. दोष होता तो प्रश्नपत्रिकेत. दहा प्रश्नांपैकी एक प्रश्न असा निघाला की, त्याची एक युक्ती ज्याला साधली त्याला त्या एकाच प्रश्नात बाकीच्या नऊ प्रश्नांना झाकून टाकणारे गुण मिळावेत. असा प्रश्न बदलणे हाच त्यावरील योग्य उपाय होता.

दुसरा प्रसंग याहून वेगळा आहे. स्पेकच्या २०१७ च्या संचात एक्सएमएल स्वरूपातील मजकुराचे रूपांतर करणारा एक प्रोग्राम आहे. इंटेलच्या कंपायलरच्या काही आवृत्त्यांत अशी एक सुधारणा आढळली की, ती त्या प्रोग्रामची रचना आणि त्याला दिली जाणारी सामग्री यांच्या पूर्वज्ञानावर आधारलेली होती व तिचा उपयोग अन्यत्र फारसा होण्यासारखा नव्हता, असा निर्णय स्पेकने दिला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या आवृत्त्या वापरून मिळविलेले अडीच हजारांहून अधिक निकाल नियमबाह्य ठरविण्यात आले. निकाल ज्यांनी सादर केले होते त्यांत अनेक वेगवेगळे यंत्रविक्रेते होते. त्यांच्या यंत्रांत काही खोट होती असे नव्हे. त्यांनी वापरलेल्या भाषांतरकाराने एक उत्तर आधीच तयार ठेवले होते, एवढ्यानेच त्या सगळ्या आकड्यांवरील विश्वास उडाला.

या दोन प्रसंगांतील सीमारेषा स्पेकच्या नियमांत स्पष्टपणे आखलेली आहे. सुधारणा कसोटीतील एखाद्या प्रोग्रामपुरती नसावी. त्याहून व्यापक अशा प्रोग्रामवर्गासाठी तिने बरोबर आज्ञा निर्माण कराव्यात आणि त्या वर्गाचा वेग वाढवावा. तसेच ती वापरावी अशी शिफारस निर्मात्याने सर्वसामान्य ग्राहकालाही करावी. शिक्षकाच्या भाषेत सांगावयाचे तर, अभ्यासाची चांगली पद्धत शोधून काढणारा विद्यार्थी आणि अपेक्षित प्रश्नाचे उत्तर घोकून आलेला विद्यार्थी यांना एका प्रश्नात सारखेच गुण पडतील. खरा फरक कळतो तो प्रश्न किंचित बदलून विचारला म्हणजे. कंपायलरच्या बाबतीतही तेच करावे. सामग्री बदलावी, आकार बदलावा, फेऱ्यातील एखादी गोष्ट वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहावी. इतके केल्यावर जो लाभ टिकतो, त्यालाच गुण म्हणावे.

आता असे समजू की प्रश्नपत्रिका निर्दोष आहे. तरीही उमेदवारांना सारख्या अटींवर बसविले पाहिजे, आणि येथे फसगत होण्याचा संभव फार मोठा आहे. बहुतेक कंपायलरांना ऑप्टिमायझेशनची पातळी सांगावी लागते. ‘ओ-०’ म्हणजे सुधारणा जवळजवळ नाहीत, ‘ओ-२’ म्हणजे नेहमीच्या वापरास योग्य इतक्या, ‘ओ-३’ म्हणजे त्याहून अधिक धाडसी. दोघांनाही ओ-२ दिले म्हणजे अटी सारख्या झाल्या, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ओ-२ हे केवळ एक नाव आहे, आणि त्याखाली काय घालावयाचे हे प्रत्येक कंपायलर आपल्यापुरते ठरवितो. एका आज्ञेने एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करण्याच्या सुधारणेस व्हेक्टरायझेशन म्हणतात. क्लँग ही सुधारणा ओ-२ या पातळीवर अनेक वर्षांपासून करीत आला आहे; जीसीसी हा दुसरा प्रसिद्ध कंपायलर मात्र २०२२ साली निघालेल्या आपल्या १२ व्या आवृत्तीपर्यंत ती ओ-२ वर करीत नव्हता. त्याआधीची ‘ओ-२ विरुद्ध ओ-२’ ही तुलना नावाने समान आणि वस्तुतः असमान होती. दोन शाळांतील ‘प्रथम श्रेणी’ एकाच योग्यतेची असेल असे आपण धरून चालत नाही. तशातलाच हा प्रकार.

दशांश अपूर्णांकांच्या गणितात याहून सूक्ष्म विषमता दडलेली असते. यंत्रातील अशा संख्यांना ठरावीकच अंक साठविता येतात, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. नेहमीच्या ६४ बिटी संख्यांत, १ या अंकावर १६ शून्ये असलेल्या संख्येत १ मिळवून मग तीच मोठी संख्या वजा केली, तर उत्तर ० येते. आधी वजाबाकी करून मग १ मिळविला, तर उत्तर १ येते. क्रम बदलण्याची मुभा मिळाली की कंपायलरला पुष्कळ वेग साधता येतो. जीसीसी ही मुभा सांगितल्यावाचून घेत नाही. इंटेलचा कंपायलर, काही सांगितले नाही तर, अपूर्णांकांच्या बाबतीत सैल नियम पत्करतो. अशा दोघांची जशीच्या तशी तुलना केली, तर एकजण अचूकपणाचे ओझे घेऊन धावत असतो आणि दुसऱ्याने ते वाटेत उतरवून ठेवलेले असते. दोघांनाही ओझे द्यावे किंवा दोघांचेही उतरवावे. आणि काय केले ते लिहून ठेवावे.

तिसरी विषमता यंत्रासंबंधीची. इंटेल व एएमडी यांच्या आजच्या प्रोसेसरांवर सी भाषेचा प्रोग्राम भाषांतरित करताना विशेष सूचना दिली नाही, तर जीसीसी आणि क्लँग सर्वसाधारणपणे त्या घराण्यातील २००३ सालच्या पहिल्या ६४ बिटी प्रोसेसरलाही कळतील अशाच आज्ञा वापरतात. उलट जावासारख्या भाषेत अखेरचे भाषांतर प्रोग्राम चालू असताना, प्रत्यक्ष त्याच यंत्रावर होते. त्यामुळे त्या यंत्राच्या नव्या आज्ञा आपोआप वापरता येतात. मात्र आरंभी तिचे भाषांतर पूर्ण झालेले नसते, म्हणून पहिल्या काही क्षणांत ती मागे पडते. तेव्हा सूचना न देता भाषांतरित केलेली सी आणि दीर्घकाळ चालविलेली जावा यांची तुलना सीवर अन्याय करते. तर एका क्षणात संपणाऱ्या कामावर केलेली तुलना जावावर अन्याय करते. आणि सीचा प्रोग्राम ओ-० वर ठेवून दुसऱ्या एखाद्या भाषेचा वेग तिच्यापेक्षा अधिक असल्याचे सांगणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत जिंकण्यासारखे आहे.

मग समान अटी म्हणजे नेमके काय? याचे उत्तर एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. सर्व प्रोग्रामांना एकच साधी सूचना द्यावी आणि सामान्य वापरणाऱ्यास जो वेग मिळेल तो मोजावा, हे एक. प्रत्येक प्रोग्रामसाठी सर्वोत्तम सूचना धुंडाळून कंपायलरच्या सामर्थ्याची परिसीमा पाहावी, हे दुसरे. स्पेकने हे दोन्ही न्याय स्वतंत्र ठेवले आहेत. ‘बेस’ या मापनात एका भाषेतील सर्व प्रोग्रामांना त्याच सूचना त्याच क्रमाने द्याव्या लागतात. ‘पीक’ या मापनात प्रत्येक प्रोग्रामसाठी निराळ्या सूचना चालतात. एकाचा बेस आणि दुसऱ्याचा पीक समोरासमोर ठेवणे तेवढे वर्ज्य. म्हणून मापनास हात घालण्यापूर्वीच आपला प्रश्न कोणता हे ठरविले पाहिजे. नेहमीच्या उपयोगात कोण बरा, हे विचारावयाचे आहे, की तज्ज्ञाच्या हाती कोण किती पुढे जाईल, हे? आकडे हाती आल्यावर त्यांना शोभेसा प्रश्न निवडणे हाच या क्षेत्रातील सर्वांत मोठा मोह आहे.

एवढे सांभाळल्यावरही एक शत्रू उरतो. तो म्हणजे योगायोग. टॉड मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक निबंध या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. ओ-३ ने ओ-२ पेक्षा खरोखर लाभ होतो काय, हे ते पाहत होते. त्यांना असे आढळले की, प्रोग्रामचे भाग कोणत्या क्रमाने जोडले एवढ्यावरून, किंवा प्रोग्रामशी काडीचाही संबंध नसलेली, यंत्रप्रणालीच्या परिस्थितीची नोंद किती लांब आहे एवढ्यावरून, उत्तर फिरते. एका मांडणीत ओ-३ लाभदायक दिसे, तर दुसऱ्या मांडणीत तेच हानिकारक. त्या नोंदीत वापरणाऱ्याचे नावही असते. म्हणजे नाव लांबलचक असणाऱ्या संशोधकाला एक निष्कर्ष मिळावा आणि आखूड नावाच्या संशोधकाला दुसरा, असा हा प्रकार. कारण असे की, ती नोंद स्मृतीत जागा अडविते, त्यामुळे प्रोग्रामची सामग्री किंचित सरकते, आणि कॅशमधील तिची सोय किंवा गैरसोय बदलते.

यावर उपाय म्हणून चार्ली कर्टसिंगर व एमरी बर्गर यांनी २०१३ साली एक साधन मांडले. प्रोग्राम चालू असतानाच त्याची स्मृतीतील मांडणी पुनःपुन्हा यदृच्छेने बदलावयाची, म्हणजे एखाद्या सुदैवी किंवा दुर्दैवी मांडणीचा परिणाम पुसला जाऊन खरा फरक तेवढा शिल्लक राहतो. या चाळणीतून पाहिल्यावर, एलएलव्हीएम या कंपायलरच्या ओ-३ ने ओ-२ वर मिळविलेला लाभ निव्वळ योगायोगापासून वेगळा ओळखता येत नाही, असे त्यांना दिसून आले. येथे टॉड प्रोब्स्टिंग यांचे १९९८ सालचे, अर्धे विनोदी आणि अर्धे गंभीर, अनुमान आठवते. कंपायलरांतील प्रगतीमुळे प्रोग्रामचा वेग दुप्पट व्हावयास सुमारे १८ वर्षे लागतात, असे त्यांनी म्हटले होते. म्हणजे वर्षाला साधारण ४ टक्के. ज्या लाभाचे परिमाण इतके लहान आहे, तो एका मापनात दिसला म्हणून खरा मानता येत नाही. मापन अनेकदा करावे. दोन्ही प्रोग्राम आलटूनपालटून चालवावेत, म्हणजे यंत्र तापल्याने येणारी मंदी एकाच्याच माथी बसणार नाही. आणि सरासरीबरोबर आकड्यांचा पसाराही सांगावा. हा पसारा दोघांतील फरकाहून मोठा असेल, तर फरक आढळला नाही असेच लिहावे. तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

शेवटची फसगत सरासरीची. क आणि ख हे दोन कंपायलर, आणि दोन प्रोग्राम. पहिल्या प्रोग्रामला क कडून १० सेकंद लागतात, ख कडून २०. दुसऱ्याला क कडून २०, ख कडून १०. क ला प्रमाण धरले तर ख चे गुणोत्तर पहिल्यात २ आणि दुसऱ्यात अर्धे. त्यांची सरासरी सव्वा. म्हणजे ख हा २५ टक्क्यांनी मंद. आता ख ला प्रमाण धरा. त्याच आकड्यांवरून तितक्याच काटेकोरपणे क हा २५ टक्क्यांनी मंद ठरतो. गुणोत्तरांची साधी सरासरी काढल्याचा हा परिणाम होय. फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६ साली हा दोष दाखवून, गुणोत्तरांसाठी गुणोत्तर मध्य वापरावा असे प्रतिपादन केले. दोन गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की येथे उत्तर १ येते, आणि दोघेही बरोबरीत ठरतात. प्रमाण कोणाला धरावे यावर निकाल अवलंबून राहत नाही. तरीही कोणतीही सरासरी काही तरी झाकतेच. म्हणून मूळ आकड्यांचे कोष्टक सोबत असावे.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अशा आकड्यांवर संस्था यंत्रे विकत घेतात, संशोधक आपल्या पद्धतीची महती सांगतात, आणि विद्यार्थी कोणती भाषा शिकावी ते ठरवितात. बेरीज न करता बेरजेचा वेग मिळविणारी कसोटी या सर्वांना एकदम चुकीच्या वाटेस लावते, आणि ज्याने अचूकपणाचे ओझे प्रामाणिकपणे वाहिले त्याला मागे टाकते. वर्गात असा आकडा आला की शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून काही प्रश्न विचारवून घ्यावेत. कोणता कंपायलर, कोणती आवृत्ती, कोणत्या सूचना? यंत्र कोणते? उत्तर तपासले होते काय? मापन किती वेळा केले, आणि आकड्यांत किती अंतर पडले? सामग्री बदलल्यावर लाभ टिकला काय? या प्रश्नांची उत्तरे आकड्याच्या शेजारी लिहिलेली असतील, तर दुसऱ्या गावातला, आपल्याला न ओळखणारा मनुष्य तोच प्रयोग करून आपले विधान तपासू शकतो. तुलना न्याय्य आहे असे स्वतःच सांगण्यापेक्षा ती अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती सोपविणे अधिक विश्वासार्ह होय.